मधला गडी कोपऱ्यात

भातकापणी आटोपली की कर्जत-खालापूर पट्ट्यात कबड्डीचा हंगाम सुरू होतो. शेलू, नेरळ, कर्जत ही रेल्वेमार्गावरची गावे असोत की आतल्या वाड्या, मोकळ्या झालेल्या जागेवर मैदान आखले जाते, दिवे लागतात आणि सामने रात्री उशिरापर्यंत रंगतात. अशा गावसंघांपुढे एक प्रश्न वारंवार येतो. मधल्या फळीत भक्कम खेळणारा गडी कोपऱ्यात न्यावा का? वरवर पाहता ही केवळ जागा बदलण्याची बाब आहे. परंतु ज्याची जागा बदलली जाते तो बहुधा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा असतो, आणि जिल्हा संघाच्या निवड चाचणीचे त्याचे मोजके दोन-तीन हंगाम या निर्णयावर अवलंबून असतात.

सात जणांच्या बचावफळीत दोन टोकांना दोन कोपरारक्षक असतात. त्यांच्या आतल्या बाजूला दोन मध्यरक्षक. उरलेल्या जागा बहुतेक वेळा चढाईपटू भरून काढतात. पकडीचा पहिला घाव साधारणपणे कोपऱ्यातून पडतो आणि मध्यरक्षक त्यावर तुटून पडून चढाईपटूला जमिनीवर आणतो. गुणपत्रिकेत मात्र पकड सहसा ती सुरू करणाऱ्याच्या नावावर जाते. दोघांनी मिळून केलेल्या कामाची नोंद एकाच्याच खात्यात व्हावी, यातच कोपऱ्याच्या आकर्षणाचे मूळ आहे.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे आकर्षण पैशांत मोजले जाऊ लागले. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने एक कोटी रुपये मोजून घेतलेला इराणचा फजल अत्राचली हा लीगमधला पहिला कोट्यधीश खेळाडू. तो डावा कोपरारक्षक. त्याच वर्षीच्या हंगामात पकडींचे शंभर गुण मिळवणारा पहिला खेळाडू ठरला उत्तर प्रदेशच्या संघाचा नितेश कुमार, तो उजव्या कोपऱ्यातला. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतलेला मोहम्मदरेझा शादलुई याचाही लौकिक डाव्या कोपऱ्यातलाच. गावातल्या मुलाने दूरचित्रवाणीवर हे पाहिले आणि आपणही टोकाला उभे राहावे असे त्याला वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही. त्याच्या प्रशिक्षकाने मात्र अधिक खोलात जाऊन विचार करायला हवा.

कारण कोपरा ही मधल्या जागेची पुढची पायरी नाही. तो वेगळाच व्यवसाय आहे. पुरुषांच्या मैदानाचा अर्धा भाग साडेसहा मीटर खोल असतो. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेपासून अंतिम रेषेपर्यंत जेमतेम पावणेदोन मीटरचा पट्टा उरतो. कोपरारक्षकाचा सारा संसार त्या पट्ट्यात. मागे अंतिम रेषा, एका बाजूला राखीव क्षेत्र. चढाईपटूचा स्पर्श होण्याआधी पाय बाहेर पडला तर हाताशी काहीही न लागता तो बाद. मैदानात सहा किंवा अधिक बचावपटू असले की चढाईपटू बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकवतो आणि दुसरा हवेत ठेवतो. त्या क्षणी त्याचे सगळे वजन एकाच पायावर असते. कोपरारक्षक वाट पाहतो ती याच क्षणाची. घोट्यावर हात पडला तर चढाईपटूला पावणेपाच मीटर माघारी खेचत जायचे असते आणि तेवढ्या वेळात साथीदार पोहोचतात. क्षण हुकला तर तो गुण घेऊन निघून जातो.

मध्यरक्षकाचे गणित याच्या अगदी उलट. चढाईपटू परतू लागला, किंवा कोपऱ्याने धरलेला पाय सोडवून मध्यरेषेकडे झेपावला, की त्याला छातीने अडवायचे, कंबरेत कवळ घालायची किंवा धडक देऊन बाहेर काढायचे. येथे अंतर कमी असते. चढाईपटूचे बोट रेषेला लागले की सारे संपले. त्यामुळे खांद्यातली ताकद, वजन आणि हिंमत या भांडवलावर हा गडी उभा असतो. हालचाल दिसली की झेपावणे हा त्याचा गुण. कोपऱ्यात गेल्यावर नेमका तोच अवगुण ठरतो. चढाईपटू नुसता पाय पुढे करून हूल देतो, नवा कोपरारक्षक सवयीने पुढे येतो आणि कंबर शोधता शोधता स्वतःच स्पर्शाला बळी पडतो. घोट्यासाठी खाली वाकण्याऐवजी तो उभ्यानेच भिडतो. वजन हा इथे आधार ठरत नाही, उलट ओझे होते.

दिशेचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एका कोपऱ्यात उजवा हात शेजाऱ्याच्या हातात गुंतलेला असतो, दुसऱ्या कोपऱ्यात डावा. एका बाजूच्या मध्यरक्षकाला त्याच बाजूच्या कोपऱ्यात नेले, तर निदान त्याचे उभे राहणे आणि वळणे ओळखीचे राहते. संघात जागा रिकामी आहे म्हणून उजवीकडच्या मुलाला डाव्या कोपऱ्यात उभे केले, की त्याला दोन गोष्टी एकाच वेळी नव्याने शिकाव्या लागतात.

हा पेच केवळ कबड्डीचा नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये बचावफळीच्या पहिल्या रांगेत आतल्या बाजूला धिप्पाड गडी असतात आणि टोकाला तुलनेने चपळ. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकीपूर्वी पाडणे हे सर्वांत मोलाचे काम, आणि त्याचे श्रेय व मोबदला टोकाच्या गड्यांना अधिक मिळत आला आहे. कॅन्सस सिटी चीफ्स संघाने २०२१ मध्ये आतल्या जागेवर नावाजलेल्या ख्रिस जोन्सला टोकाला नेऊन पाहिले. हंगामाच्या मध्यावर बाहेरून नवा गडी मिळताच त्याला पुन्हा आत आणले गेले. पुढच्या वर्षी आतूनच खेळताना त्याने क्वार्टरबॅकला साडेपंधरा वेळा पाडले (त्या खेळात दोघांनी मिळून पाडले तर प्रत्येकी अर्धे श्रेय मिळते, ही पद्धत कबड्डीने उचलण्याजोगी आहे). उलट उदाहरणही आहे. ॲरिझोनाकडून आतल्या भागात खेळलेला कॅलेस कॅम्पबेल २०१७ मध्ये जॅक्सनव्हिलकडे गेला, मुख्यतः टोकाला खेळला, प्रसंगी आतही आला आणि साडेचौदा वेळा यशस्वी झाला. पण सहा फूट आठ इंच उंची आणि लांब हात ही त्याची देणगी होती. ती गावोगावी सापडत नाही. शिवाय या संघांकडे प्रयोग फसला तर मागे फिरण्याइतकी खेळाडूंची फौज होती.

गावसंघाकडे ती नसते. उत्तम मध्यरक्षक कोपऱ्यात गेला की मधल्या जागी येणारा मुलगा बहुधा कच्चा असतो. मग कोपऱ्याने पाय धरला तरी साथ वेळेवर पोहोचत नाही आणि एका गड्याच्या बदलात दोन जागा दुबळ्या होतात. मधली फळी किती मोलाची असते हे २०२५ मध्ये पुन्हा दिसले. त्या वर्षी अंतिम सामन्यात पुणेरी पलटणला ३१-२८ असे नमवून दबंग दिल्लीने विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघाच्या कोपऱ्यात फजल होता, आणि मधल्या फळीत सुरजितसिंग. वर्षानुवर्षे मध्यरक्षक म्हणूनच खेळून लीगच्या आघाडीच्या बचावपटूंत स्थान मिळवलेला हा खेळाडू. मुंबईच्या विशाल मानेनेही मधल्या जागेवरच आपली कारकीर्द घडवली. या दोघांची उदाहरणे गावातल्या मुलांना फारशी सांगितली जात नाहीत, हे खरे दुखणे आहे.

अर्थात मधल्या गड्याने कधीच टोकाला जाऊ नये, असाही याचा अर्थ नाही. वाढत्या वयात शरीर बदलते. वरिष्ठ गटात, ८५ किलोच्या मर्यादेच्या जवळपासच्या खेळाडूंसमोर, पंच्याहत्तर किलोचा मध्यरक्षक दोन पावले मागे ढकलला जातो. त्याच मुलाकडे चपळ पाय आणि लांब हात असतील तर कोपरा त्याला तारू शकतो. पारख करायची ती त्याच्या थांबण्याची. तीस सेकंदांच्या चढाईत पंचवीस सेकंद काहीही न करता, नजर चढाईपटूच्या कंबरेखाली ठेवून तो उभा राहू शकतो का? मागे न पाहता अंतिम रेषा किती अंतरावर आहे हे त्याच्या टाचेला कळते का? ही परीक्षा सरावात घेता येते, त्यासाठी करंडकाची गरज नसते. प्रत्यक्षात मात्र बदल होतो तो नेमका स्पर्धेच्या तोंडावर, नेहमीचा कोपरारक्षक जायबंदी झाल्यावर किंवा नोकरीवरून वेळेत न पोहोचल्यावर. दोन-तीन वाईट सामने होतात आणि मुलाच्या नावापुढे शिक्का बसतो.

मॅट आणि माती यांतला फरकही येथे जमेस धरावा लागतो. निवडीचे महत्त्वाचे सामने आता मॅटवर होतात, तर गावचा सराव मातीवर. मॅटवर बूट घट्ट पकड घेतो, चढाईपटूचा पाय आत येऊन जाण्याचा वेग वाढतो आणि कोपऱ्याला मिळणारा क्षण आणखी आखडतो. मातीत जमलेली घोटापकड मॅटवर अर्धा पाऊल उशिरा पडते. मध्यरक्षकाच्या धडकेला हा फरक तितकासा जाणवत नाही. मातीचे मैदानही पुढे राहीलच याची खात्री नाही. शेलू आणि वांगणी परिसरात गिरणी कामगारांसाठी सुमारे ८१ हजार घरांची योजना २०२४ मध्ये पुढे आली. घरे मुंबईतच हवीत असा कामगार संघटनांचा आग्रह असला, तरी या पट्ट्यात इमारती उभ्या राहण्याचा वेग त्याआधीपासूनच वाढला आहे.

राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र किमान राज्याच्या पातळीवर खेळूनच हाती येते आणि तिथवर जाण्याची वाट जिल्हा संघातूनच जाते. जिल्ह्याच्या चाचणीत प्रत्येक मुलाला आजमावण्यासाठी निवड समितीकडे काही चढायांपुरताच वेळ असतो. तेवढ्यात पाच वर्षे मधल्या फळीत घाम गाळलेला मुलगा अनोळखी कोपऱ्यात उभा असला, तर समितीला दिसतो तो केवळ एक चुकार कोपरारक्षक. तो मध्यरक्षक म्हणून कसा खेळतो, हे तिला विचारावेसेही वाटत नाही.