झुंजारला वर्गात कोण घेणार?

राजूरच्या कोळसाखाणी-चुनाभट्ट्यांच्या परिसरातून येणारी मुले वाचत नाहीत, ही आम्हा मराठीच्या प्राध्यापकांची नित्याची तक्रार. परंतु ज्यांनी पिढ्यांना वाचनाचे व्यसन लावले, हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या बाबूराव अर्नाळकरांची बोळवण आम्ही 'रंजनपर' या एका शब्दात करतो. त्यांची कथानके पुष्कळदा इंग्रजीवर बेतलेली, मान्य. पण १८९३ मध्ये डॉयलने मारलेला होम्स वाचकांनी १९०३ मध्ये जिवंत करायला लावला, तो काय शैलीसाठी? गोंधळलेल्या जगात कार्यकारण जुळवून दाखवणारा कुणीतरी हवा होता. झुंजार, काळापहाड यांची ओढ याच जातीची. ती दुर्लक्षून आम्ही वाचकाभिरुचीचा इतिहास शिकवतो तरी कसला? हसणाऱ्या सहकाऱ्यांनी लहानपणी पाठ्यपुस्तकात काय लपवून वाचले, ते आधी सांगावे.