उन्हाळी लागली की जंतू झाले?

मैत्रिणींनो, चैत्र लागला की आमच्या पेडगावाकडे घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, “बाई, उन्हाळी लागली.” लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटतं आणि होतात चार थेंब. मग धन्याचं पाणी, सब्जा, वाळा सुरू. पाणी पोटात जातं हे चांगलंच. पण ओटीपोट दुखत असेल, लघवी गढूळ होत असेल, तर उन्हाला दोष देत बसू नका, लघवी तपासून घ्या. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषांची २० च्या आसपास. जंतूंना आपल्याकडची वाट जवळची! त्यात एस.टी.ने कुठे जायचं म्हटलं, की वाटेत आडोसा मिळायचा नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. (थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.)

तपासणी सोपी आहे. औषधी पट्टी लघवीत बुडवतात. पुष्कळसे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यानं पट्टीचा एक चौकोन गुलाबी होतो; दुसरा चौकोन पांढऱ्या पेशींची चाहूल देतो. नायट्राइट व्हायला वेळ लागतो, म्हणून मूत्राशयात चारेक तास राहिलेली लघवी हवी. सगळेच जंतू हे काम करत नाहीत, तेव्हा पट्टी कोरी निघूनही त्रास चालू असेल तर कल्चर करावं. त्याला एक-दोन दिवस लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं.

नमुना नीट द्यायला हवा. अंग नुसत्या पाण्यानं धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा. घरची औषधाची बाटली कितीही घासली तरी चालत नाही. घरी धरलेला नमुना भर उन्हात परभणीला नेला, तर वाटेत जंतू भराभर वाढतात आणि रिपोर्ट भलताच येतो. तिथेच जाऊन द्यावा हे बरं. नाहीतर डबी बर्फात ठेवून न्या. आणि सासूबाईंच्या दुखण्यातल्या उरलेल्या दोन कॅप्सूल आधी घेऊ नका हो, जंतू दबतात आणि कल्चर कोरं येतं.

गरोदर बाईला तर काहीच त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकापासून यावर काम केलं. अशा बायकांवर उपचार झाले नाहीत, तर पुष्कळ जणींना पुढे मूत्रपिंडाचा दाह होतो, हे त्यातून दिसलं. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोकाही असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये गरोदरपणी शक्य तिथे कल्चरच करावं असं सुचवलं. आपल्याकडे त्याच वर्षापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. कार्डावर ‘लघवी तपासली’ असं लिहिलेलं दिसतं, ती बहुधा प्रथिनं आणि साखर यांची तपासणी असते. जंतूंचं तपासलं का, हे सिस्टरना वेगळं विचारा.