भंगाराच्या भावात मराठी अक्षरे

सीमाभागातील एखाद्या मराठी शाळेला कुलूप लागले की निवेदने निघतात. फलकावरील मराठी पुसली गेली की मोर्चा निघतो. हे योग्यच आहे. परंतु बेळगावच्या जुन्या पेठेतील किंवा निपाणीच्या बाजारातील एखादा खिळ्यांचा छापखाना बंद होतो, त्याच्या केसींतील खिळे पोत्यांत भरून वजनावर विकले जातात, तेव्हा कोणी ब्रही काढत नाही. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तो मिश्रधातू. एकदा वितळला की त्यात ‘अ’ कोणता आणि ‘ळ’ कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आमचा आक्षेप या मौनाला आहे. १९५६ पासून ज्या समाजाला आपल्या भाषेचा पुरावा सतत द्यावा लागला, तोच समाज त्यातील सर्वांत सबळ पुरावा स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या तराजूत टाकत आहे.

पुरावा हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरलेला नाही. सीमाप्रश्नाचा युक्तिवाद आजवर प्रामुख्याने शिरगणतीच्या आकड्यांवर चालला. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, आणि ८६५ गावांची यादी तर येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण शिरगणती माणसाला दहा वर्षांतून एकदा त्याची भाषा विचारते. छापखाना ती रोज नोंदवत होता. कोणत्या गल्लीतील लग्नाची पत्रिका कोणत्या भाषेत निघाली, कोणत्या पतसंस्थेचे पावतीपुस्तक, कोणत्या तालमीच्या कुस्तीचे हस्तपत्रक, कोणत्या वखारीची वजनचिठ्ठी, कोणाच्या निधनाचे दुखवट्याचे कार्ड कोणत्या भाषेत छापले गेले, हे सारे त्या छपाईत आहे. ही भाषा कोणी शासनाला दाखविण्यासाठी छापली नव्हती. म्हणूनच तिची साक्ष मोलाची आहे.

या साक्षीवर स्थळाची मोहोरही आहे. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर, पुस्तिकेवर आणि वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले होते. निवडणुकीच्या पत्रकांना लोकप्रतिनिधित्वाचा कायदा आजही हेच बंधन घालतो. पत्रिका-पावत्यांवरही खालच्या कोपऱ्यात बारीक टाइपात आपले नाव टाकण्याची छापखान्यांची रीत होती. ती एक ओळ म्हणजे ‘हा मराठी मजकूर या गावात, या माणसाने छापला’ अशी सहीशिक्क्याची नोंद होय. १ मार्च २०२४ पासून लागू झालेला नवा कायदा केवळ नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. म्हणजे पुढे ही ओळ छापली जाईल ती केवळ सवयीने. तेव्हा जुन्या ओळी जपणे अधिकच निकडीचे झाले आहे. छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत तारेत ओवून किंवा गठ्ठ्यात बांधून ठेवणारा मुद्रक नकळत दफ्तरदाराचे काम करीत होता. छापखाना विकला जातो तेव्हा यंत्राला गिऱ्हाईक मिळते, खिळ्यांना मिळते; हे गठ्ठे रद्दीत जातात.

बेळगावला छपाईची परंपरा उसनी आणावी लागली नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आहे. ‘बेळगाव समाचार’ हे साप्ताहिक १८६३ साली सुरू झाले. मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना निघाला तो त्यानंतर, १८६९ साली. बाबुराव ठाकुरांनी १९१९ साली ‘तरुण भारत’ काढला. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील साहित्य संमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, तोही याच गावी. एवढ्या मोठ्या घडामोडींच्या पाठीशी लहान छापखान्यांचे जाळे नव्हते, असे कोणास वाटते काय? हस्तपत्रकाशिवाय सभा भरत नाही आणि पावतीपुस्तकाशिवाय वर्गणी जमत नाही.

आता भाषेच्या अंगाने पाहू. खिळ्यांची केस म्हणजे लाकडी खणांत मांडलेली वर्णमाला. कोणत्या अक्षराला किती मोठा खण द्यायचा, त्याचे किती खिळे मागवायचे, हे त्या भाषेत ते अक्षर किती वेळा येते यावर ठरते. मराठीच्या केसीत ‘ळ’ हवाच. हिंदीसाठी ओतलेल्या संचात त्याला जागा असण्याचे कारणच नाही. आमच्या गावाचे नावच ‘ळ’शिवाय लिहिता येत नाही. ते हिंदीत ‘बेलगाम’ होते, ते याचमुळे.

‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांचेही तसेच. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्याला दक्षिणा दिली, तर ती पूजा सांगणाऱ्यास मिळते. आचाऱ्याला दिली, तर स्वयंपाक करणाऱ्यास. हा भेद मराठीचा स्वतःचा आहे. जुळाऱ्याच्या बोटांना तो ठाऊक होता, कारण रफाराचा खिळा वेगळ्या खणात होता आणि अर्ध्या ‘ऱ्’चा वेगळ्या. चूक झालीच तर ती प्रुफात पकडली जाई, खिळा उपसून दुसरा बसवला जाई. आजच्या पत्रिकांत ‘र्‍हस्व’ आणि ‘सुर्य’ शेजारी शेजारी नांदतात. दोष संगणकाचा नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ आहे, ‘ॲ’साठीही २००८ पासून स्वतंत्र जागा आहे. दोष असा, की जुळारी आणि मुद्रितशोधक या दोन जागा आपण एकदम रद्द केल्या आणि त्यांचे ज्ञान कोठेच हस्तांतरित केले नाही.

अक्षराच्या वळणाचेही तेच झाले. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे. महाराष्ट्र शासनाने २००९ सालच्या निर्णयाने ती प्रमाण ठरविली. परंतु संगणकावरील अनेक टंकांत मुळातच हिंदी वळणाचा ‘ल’ व ‘श’ उमटतो. मराठी वळण हवे असेल तर ते वेगळे मागावे लागते. सीमाभागात मराठीचे मूळ वळण कसे होते, हे दाखविण्यास जुन्या केसीइतका निर्विवाद साक्षीदार कोणता?

आमच्या या म्हणण्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की हा केवळ गतकाळाचा उमाळा आहे. ऑफसेट आणि संगणकीय अक्षरजुळणीने ऐंशी-नव्वदच्या दशकांत निकाल लावून टाकला, आता मढे उकरण्यात अर्थ नाही. आम्ही स्पष्ट सांगतो: मोठ्या संख्येची, रंगीत, घाईची कामे ऑफसेटचीच आहेत. ती परत मागणे वेडेपणाचे होईल. पण ट्रेडल यंत्र मेले, हे खरे नाही. पावतीपुस्तकावर क्रमांक घालणे, पावती फाडण्यासाठी भोकांची रेघ पाडणे, जाड कागदावर घडीची रेघ उठविणे, या कामांसाठी ऑफसेटवर छापलेला कागद अजूनही याच यंत्राच्या दारी येतो. यंत्र चालू आहे. मराठी खिळे मात्र त्याच्या फर्म्यातून हद्दपार झाले आहेत. शंभर-दोनशे प्रतींच्या साध्या कामाला प्लेट करावी लागत नाही, वीज गेली तर पायाने यंत्र चालते, आणि एकदा बांधलेला फर्मा ठेवून दिला की पुढच्या वर्षीचे तेच काम तारीख बदलून निघते.

इंग्लंड-अमेरिकेत याच पद्धतीने छापलेल्या लग्नपत्रिकेला लोक ऑफसेटहून अधिक दाम मोजतात. कागदात अक्षर खोल रुतलेले त्यांना आवडते. आमच्याकडचा जुना मुद्रक असा कागद पाठीमागून चाचपून ‘दाब जास्त झाला’ म्हणून बाजूला टाकत असे. ज्याला आपण दोष म्हणत होतो, त्याचे इतरांनी भूषण केले. आपण मात्र कौशल्यही गमावले आणि त्याची किंमतही.

दुसरा आक्षेप असा, की हे शासनाचे काम आहे. कोणत्या शासनाचे? १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकविषयक योजनेप्रमाणे जेथे अल्पसंख्याकांची संख्या १५ टक्क्यांच्या वर आहे, तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेत निघाव्यात, असे ठरले होते. ती मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. पण ज्या कागदावर कोणत्याही शासनाची सत्ता नाही, त्याचे काय? २०२४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात दुकानांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देणे सक्तीचे झाले. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठीला किती, यासाठी आपण भांडतो. लग्नपत्रिकेवर टक्केवारी मोजायला कोणी अधिकारी येत नाही. तेथे १०० टक्के सत्ता आपली. आणि तेथे आपण काय करतो? १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्या घरांतूनच इंग्रजी पत्रिका निघतात, वर कुलदैवताचे नाव तेवढे देवनागरीत. ही सक्ती कोणी केली? बेंगळुरूने निश्चितच नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. हा लेख कन्नडच्या विरोधात नाही. सीमाभागातील कित्येक छापखान्यांत मराठीच्या केसींशेजारीच कन्नडच्या केसी होत्या, आणि दोन्ही लिप्या उलट्या वाचणारे जुळारी होते. ‘ळ’ हे अक्षर दोन्ही भाषांना सारखेच जवळचे. बेळगाव म्हणा वा बेळगावि, ‘ळ’ दोहोंत आहे. पोटापाण्याच्या त्या व्यवसायात दोन भाषा एका छपराखाली राहत होत्या, कारण गिऱ्हाईक मागेल ती भाषा छापली जात होती. आज छापखान्यातील दोन्ही केसी एकाच भंगारात जात आहेत, आणि त्यांच्या जागी दोघांचेही नसलेले इंग्रजी येत आहे. कन्नड बांधवांनीही यावर विचार करावा.

छपाईचा आधार सुटला की लिपीचे काय होते, हे मराठीने एकदा पाहिले आहे. मोडी ही शतकानुशतके कारभाराची लिपी. ती लपेटीची, जोडून लिहावयाची. खिळ्यांत ती नीट बसली नाही, छापील मराठी बालबोधीत स्थिरावली. पुढे शाळेतूनही मोडी गेली. आज दफ्तरखान्यांत मोडी कागदांचे अगणित रुमाल आहेत आणि ते वाचणारी माणसे मोजकी. कागद शिल्लक राहिला, वाचणारा हात गेला. खिळ्यांच्या बाबतीत तर आपण कागद आणि हात दोन्ही घालवीत आहोत.

म्हणून आमच्या मागण्या नेमक्या आहेत. पहिली, सीमाभागातील मुद्रकांना: खिळे विकण्यापूर्वी निदान एक पूर्ण मराठी संच केसीसह राखावा, आणि जुन्या कामांचे गठ्ठे रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयाकडे द्यावेत. दुसरी, वाचनालयांना: ते गठ्ठे स्वीकारावेत, त्यांची गावनिहाय व वर्षनिहाय यादी करावी. तिसरी, राज्य मराठी विकास संस्था व साहित्य संस्कृती मंडळ यांना: ग्रंथांना जसे अनुदान देता, तसे या नोंदीच्या कामाला द्यावे, आणि एखाद्या जुळाऱ्याच्या हाताखाली दोन तरुणांना वर्षभर शिकता येईल एवढी तजवीज करावी. बेळगाव हे ओतकामाचे गाव आहे. उद्यमबागेत यंत्रांचे अवघड भाग ओतले जातात. त्या गावाला ‘ळ’चा शिशाचा खिळा ओतणे अशक्य असेल, असे आम्ही मानत नाही.

चौथी मागणी आपल्या सर्वांना, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. देणगी नको, काम द्या. दर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा येथे साहित्य संमेलने भरतात. त्यांच्या निमंत्रणपत्रिका खिळ्यांवर छापून घ्या. मंडळाचे पावतीपुस्तक, सोसायटीची नोटीस, ग्रंथालयाचे सभासद कार्ड तेथे न्या. घरच्या कार्याची पत्रिका मराठीत काढा, प्रूफ स्वतः तपासा, आणि खाली मुद्रकाचे नाव व ‘बेळगाव’ किंवा ‘निपाणी’ हे स्थळ आवर्जून छापून घ्या.

छापखाना वस्तुसंग्रहालयात काचेआड ठेवला, तर त्याचे दर्शन होईल. त्यातून एकही मराठी ओळ निघणार नाही. त्याला या आठवड्यात काम मिळाले, तर पुढच्या आठवड्यात त्याचे खिळे वितळणार नाहीत. ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत कार्य आहे, त्यांनी येथूनच सुरुवात करावी.