उळे घरचे की विकतचे? आधी त्याचे कूळ विचारा



वर्षातून दोनदा, मृगाच्या तोंडाशी आणि दिवाळीच्या आसपास, मला एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, बी घरचं टाकू का विकतचं आणू?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे असते, कारण बैल जुंपायची किंवा ट्रॅक्टर सांगायची घाई असते. बरीच वर्षे मीही ते एका वाक्यात देत आलो : "घरचे बी वापरू नका, दरवर्षी नवे आणा." आज या पानावर कबूल करतो, की हे उत्तर अर्धेच खरे आहे. आणि अर्ध्या खऱ्या उत्तराने शेतकऱ्याचे पूर्ण नुकसान होऊ शकते.

आमचे अंबड म्हणजे जालन्याचे नव्हे, नाशिकचे. एमआयडीसी आली, प्लॉट पडले, शिवार आक्रसले. तरी आजूबाजूला अजून टोमॅटो आहे, भाजीपाला आहे, द्राक्षे आहेत. अशाच एका शेतकऱ्याने, नाव सांगत नाही, संकरित टोमॅटोचा प्लॉट घेतला होता. माल असा, की क्रेटमधले वरचे फळ आणि तळाचे फळ जुळ्या भावासारखे. हंगाम संपताना त्याने उत्तम फळे निवडली, बी काढले, राखेत घोळले, सावलीत वाळवले. पुढच्या वर्षी त्याच बियाण्याची रोपे अर्ध्या एकरात लावली. मशागत तीच, खत तेच, पाणी तेच.

आणि प्लॉटमध्ये जत्रा भरली. एक झाड छातीला लागते, शेजारचे गुडघ्याला. एकाचे फळ गोल, दुसऱ्याचे चपटे, तिसऱ्याचे हातात घेतले तर पिचकणारे. काही झाडे रोगाला दाद देत नव्हती, काही पहिल्या झटक्यात बसली. मार्केटला व्यापाऱ्याने क्रेट उलटा केला आणि सगळ्या मालाचा भाव तळातल्या फळावर लावला.

मी प्लॉटवर गेलो तेव्हा तो म्हणाला, "साहेब, बी तर चांगल्यातल्या चांगल्या फळाचं काढलं व्हतं. मग लेकरं इतकी येगयेगळी कशी? तुम्ही नको म्हणले व्हते, पण का नको ते नव्हतं सांगितलं. मला वाटलं, दुकानदाराची बाजू घेऊन बोलताय."

ते बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. पदविकेला असताना मेंडेलचे वाटाणे मी पाठ केले होते, परीक्षेत गुणही मिळवले होते. पण ज्याला त्याचा उपयोग व्हायचा, त्याच्या बांधापर्यंत ते वाटाणे मी कधी नेलेच नाहीत. म्हणून आज नेतो.

घरात वाटणी होते तेव्हा कधी कधी चिठ्ठ्या टाकतात. निसर्गाची वाटणी अशीच चिठ्ठ्यांवर चालते. झाडाच्या प्रत्येक गुणासाठी, समजायला सोपे म्हणून, दोन चिठ्ठ्या धरा : एक आईकडून आलेली, एक बापाकडून. या चिठ्ठ्यांनाच शास्त्रात जनुके म्हणतात. झाडाला फूल येते, पराग आणि बीजांड तयार होते, तेव्हा प्रत्येकात दोनपैकी एकच चिठ्ठी जाते. कोणती जाईल, ते नशिबावर. पराग आणि बीजांड एकत्र आले की नव्या बियात पुन्हा दोन चिठ्ठ्या जमतात. यातली एखादी चिठ्ठी जोरकस असते, ती असली की दुसरीचे लिखाण झाकले जाते. जोरकस ती प्रभावी, झाकली जाते ती अप्रभावी. झाकलेली चिठ्ठी फाटत नाही, मिटून बसते. आजोबांचे घारे डोळे मुलाला येत नाहीत आणि नातवाला येतात, त्यामागे बहुधा अशीच एखादी मिटलेली चिठ्ठी असते.

ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो गावच्या मठात १८५६ पासून सात-आठ वर्षे वाटाणे लावून हे शोधले. गोल दाण्याचा आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. बघणाऱ्याला वाटावे, सुरकुती कायमची गेली. पण तेच दाणे पेरून पुढची पिढी घेतली तेव्हा ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. सुरकुती गेली नव्हती, दडली होती. हे काम १८६६ मध्ये छापून आले, पण १९०० सालापर्यंत जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही.

आता टोमॅटोकडे या. संकरित बियाणे म्हणजे दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांची पहिली पिढी. पाकिटावर त्यालाच 'एफ-१' लिहिलेले असते. एका वाणाचे फूल हाताने खुडून-साफ करून त्यावर दुसऱ्याचा पराग लावावा लागतो, म्हणून ते बी महाग. त्या पिढीतले प्रत्येक रोप सारखे, कारण प्रत्येकाला आईकडून तीच आणि बापाकडून तीच चिठ्ठी. परंतु त्या झाडाच्या पोटात चिठ्ठ्या जोडीने सारख्या नसतात. त्याचे बी धरले की वाटणी पुन्हा होते आणि पिढी फुटते. एका जनुकात फरक असेल तर निम्मीच झाडे मूळ संकरितासारखी जोडी घेऊन येतात. स्वतंत्रपणे वाटल्या जाणाऱ्या दहा जनुकांत फरक असेल, तर तशी तंतोतंत जोडी १,०२४ झाडांत सरासरी एकाला मिळेल. फरक तर दहाहून कितीतरी जास्त असतात. फळ निवडण्यात आमच्या त्या शेतकऱ्याची काहीच चूक नव्हती. उत्तम फळ बघून त्याला झाडाचे रूप कळले, झाडाच्या पोटातल्या चिठ्ठ्या कळल्या नाहीत.

नाशिकचा शेतकरी इथे हमखास फसतो, त्याला आणखी एक कारण आहे. आपला हात द्राक्षाच्या काडीवर बसलेला. थॉमसनची काडी लावा, थॉमसनच येणार. सोनाकाची लावा, सोनाकाच येणार. मग बी तसे का नाही? कारण काडी म्हणजे त्याच वेलीचा तुकडा. तिथे आई-बाप दोन नाहीत, वाटणी नाही, चिठ्ठ्या हलतच नाहीत. क्वचित एखाद्या डोळ्यातच बदल होतो आणि नवा वाण सापडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजला थॉमसनच्या वेलीवर असाच बदल दिसला आणि सोनाका मिळाला. पण तो अपवाद. काडीचा नियम बियाला लावू नका.

मग घरचे बी कधीच धरू नये का? इथेच माझ्या जुन्या उत्तराची दुसरी, खोटी बाजू येते.

आपल्या कांद्याचे उळे बहुतांशी सरळ वाणाचे असते, संकरिताचे नव्हे. आणि हे वाण आले कुठून? एन-५३ ची निवड झाली ती नाशिकच्याच कांद्यातून, निफाडला. बसवंत-७८० आला पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून. अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड हा वाण दिंडोरी भागातल्या शेतकऱ्यांच्या स्थानिक कांद्यातून निवडलेला आहे. म्हणजे तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान् पिढ्या कांदा निवडून उळे धरले, म्हणून शास्त्रज्ञांना निवडायला काही मिळाले. त्यांच्या नातवंडांना "घरचे उळे वापरूच नका" असे सांगणारे आम्ही कोण?

पण धरायचे तर आज्यांसारखे धरा. आज काय चालते? कांद्याच्या उभ्या पिकात आपोआप डेंगळे येतात, त्यांचे गोंडे खुडायचे आणि फुकटचे उळे म्हणून डबा भरायचा. विचार करा, तुम्ही काय निवडले? पहिल्याच हंगामात कांदा पोसायचा सोडून फुलावर गेले ते झाड. त्याच झाडाची लेकरे पेरलीत, तर ती बापाचाच कित्ता गिरवणार. दोन-तीन पिढ्या असे केले की शेतात डेंगळेच डेंगळे दिसतात आणि आपण हवामानाला दोष देतो.

हवामानाचा दोष नसतोच असे नाही. थंडी जास्त पडली, लागवडीची वेळ चुकली तर चांगल्या वाणालाही डेंगळे येतात. पातळ लागण किंवा पाण्याची ओढाताण झाली की जोडकांदा वाढतो. झाडाचे रूप बियाण्याच्या गुणावर आणि जमीन-पाणी-हवेवर, दोन्हींवर ठरते. शेजारच्याच ओळीत, त्याच पाण्यावर ज्या झाडाला डेंगळा आला नाही, ते झाड आपल्या कामाचे, एवढे ध्यानात ठेवा.

उन्हाळ कांद्याचे उळे धरण्याची रीत थोडक्यात अशी. काढणीला एकसारखे, मध्यम आकाराचे, पातळ मानेचे, रंगाला चांगले कांदे वेगळे काढून चाळीत ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ज्यांना कोंब फुटला नाही, जे सडले नाहीत, ते परीक्षेत पास. टिकाऊपणाही काही अंशी वारशाने येतो, चाळ तुमच्यासाठी फुकट निवड करते. लावताना वरचा एक तृतीयांश भाग कापा, आत एकच डोळा दिसला तर ठेवा, दोन-तीन दिसले तर भाजीला द्या. आणि दहा-वीस कांद्यांवर बी धरू नका, शे-दोनशे तरी घ्या. कांद्यात जवळच्या नात्यातला संबंध मानवत नाही, पुढची पिढी खुरटते.

आता मुद्दा ग्रामपंचायतीचा. कांद्याच्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर नंतर. म्हणून पराग बहुतेक दुसऱ्या गोंड्यावरून मधमाशीच आणते. मधमाशीला सातबारा कळत नाही. तुम्ही निवडून उन्हाळ कांदा बियाण्याला लावला आणि शेजाऱ्याने चार वाफ्यांपलीकडे लाल कांदा फुलावर सोडला, तर तुमच्या उळ्यात त्याच्या चिठ्ठ्या आल्याच. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत किमान अर्धा किलोमीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी एक किलोमीटर अंतर धरतात. दोन-चार एकरवाल्याला एवढे अंतर एकट्याने राखता येईल का? नाही. ते गावालाच राखता येईल. माझे स्पष्ट मत आहे, की कांदा पिकवणाऱ्या प्रत्येक गावाने दिवाळीआधीच्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्यावा. कोण कोणता वाण बियाण्याला लावणार, शिवाराच्या कोणत्या बाजूला लावणार, हे ठरवून वहीत लिहून ठेवावे. उभ्या पिकातले डेंगळे फुलण्याआधी मोडायचे, हेही तिथेच ठरवावे. यासाठी योजना लागत नाही, निधी लागत नाही.

हे करणे का गरजेचे, ते २०२० ने दाखवले. त्या वर्षी उळ्याची टंचाई झाली, भाव भडकले आणि ऑक्टोबरअखेर केंद्र सरकारला कांदा बियाण्याची निर्यात थांबवावी लागली. ज्यांच्या घरात जपलेले उळे होते, त्यांचा हंगाम दुसऱ्याच्या हातात नव्हता. कायदाही आपल्या बाजूने आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे हा हक्क आहे. फक्त ब्रँडचे नाव लावून पाकिटबंद बी विकता येत नाही.

विकत आणायचे असेल तर पाकीट हातात घेऊन वाचा. निळी खूणचिठ्ठी असेल तर प्रमाणित, पांढरी असेल तर पायाभूत. 'संकरित' किंवा 'एफ-१' लिहिले असेल तर खुशाल पेरा, जोमदार पीक घ्या, पण त्याचे बी धरू नका. त्यातून निवड करत करत अनेक पिढ्यांनी नवा वाण निघूही शकतो, पण तो उद्योग सोसायटीच्या कर्जावर करायचा नसतो. सरळ वाण असेल तर पावती आणि रिकामे पाकीट जपून ठेवा, निवड करून पुढचे बी घरी धरा आणि काही वर्षांनी मूळ शुद्ध बियाणे पुन्हा आणा.

आमच्या विस्तार कामातल्या सहकाऱ्यांनाही एक विनंती. "घरचे बी नको" हे वाक्य आता बंद करू या. शेतकऱ्याला आधी विचारू या, "कशाचे बी? संकरिताचे की सरळ वाणाचे?" आणि मग का, तेही सांगू या. शेतकऱ्याला कारण पटले की तो आपणहून पाळतो. कारण न सांगता दिलेला सल्ला त्याला दुकानदाराचा वाटतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

त्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला मी हे सगळे त्याच्याच बांधावर, काडीने मातीत चौकटी आखून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "म्हणजे साहेब, सोयरीक करताना आपण घराणं इचारतो, तसं बियाचंबी इचारायचं." पदविकेला माझ्या वहीत दहा पाने होती. त्याने ती एका वाक्यात आणली.

येत्या हंगामात बियाण्याच्या डब्याला हात घालण्याआधी, त्याचे घराणे तेवढे विचारा.