सासऱ्यांच्या खादीची चांदणी

मैत्रिणींनो, सेवाग्रामजवळच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांनी स्वतः कातलेल्या सुताचे दोन सदरे आणि एक पंचा घरात उरलाय. लेकीच्या बाळंतविड्यात त्याची गोधडी द्यायची, मधोमध आठ टोकांची चांदणी हवी. जुन्या चादरीवर करून पाहिली, तर टोके जुळेनात. ही खादी वाया गेली तर दुसरी आणायची कुठून, ही त्यांची काळजी. गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले तेव्हापासूनची अशी कापडे आपल्या जिल्ह्यात आणखीही काही पेट्यांत असतील, म्हणून जरा सविस्तरच सांगते.

टोके चुकतात त्यात हाताचा दोष नाही. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक असते. तिरके कापले की ते ताणते, कडेचे धागे सुटतात. म्हणून कापड कागदावर शिवायचे. रेघ कागद धरून ठेवतो. आपल्या आज्या जुन्या लुगड्यावर ठिगळे शिवायच्या, त्यातलाच हा प्रकार. फक्त हा कागद शेवटी काढून टाकायचा.

आधी खादी धुऊन, वाळवून इस्त्री करा. वहीच्या पातळ कागदावर चार इंचांचा चौकोन आखा. खालच्या बाजूच्या मध्यापासून वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढा. मधल्या त्रिकोणाला १, बाजूच्या निमुळत्या भागांना २ आणि ३ आकडे घाला. भोवती पाव इंच माया ठेवून कापा. असे चार कागद लागतात, पण चारदा आखत बसू नका. एकावर एक टाचून, सुईत दोरा न ओवता रेघांवरून मशीन चालवा; भोकांच्या रेघा सगळ्यांवर उमटतात. वर्तमानपत्र मात्र नको, त्याची शाई लागते.

आखलेली बाजू आपल्याकडे, कापड मागे. १ वर रंगीत सुती कापड, सुलट बाजू बाहेर, रेघेपलीकडे अर्धा इंच जाईल असे टाचा. उजेडाकडे धरले की दिसते. आता ३ बाय ६ इंचांची खादीची पट्टी त्यावर सुलटीवर सुलट ठेवा. तिची लांब कड रेघेच्या पलीकडे, २ च्या बाजूला, पाव इंच येऊ द्या. बाकीची पट्टी १ वर पडेल. उलटेच वाटते ना? टीप मारून पट्टी पालटली की ती आपल्या जागी जाते.

पण थांबा. टीप मारण्याआधी रेघेवर टाचण्या लावून पट्टी पालटून बघा. २ चा भाग मायेसकट पूर्ण झाकला तरच मशीनला हात लावा. कात्री चालवायची ती त्यानंतरच. खादी वाचते ती इथे. सोळा नंबरची सुई आणि बारीक टाका घ्या, म्हणजे कागद सहज फाटतो. टीप कागदाच्या बाजूने, रेघेवरून, दोन्ही टोकांना दोनतीन टाके पुढे. मग कागद रेघेवर दुमडून जादा कापड पाव इंचावर कापा, पट्टी पालटून कोरडी इस्त्री फिरवा. ३ चेही तसेच. चौकोन बाहेरच्या मायेवर कापा.

साडेचार इंचांचे पाच साधे चौकोन घ्या: मधला खादीचा, कोपऱ्यांचे चार रंगीत. नऊ तुकडे तीन ओळींत जोडा. पट्ट्यांची रुंद बाजू मधल्या चौकोनाकडे हवी. नऊही जोडल्यावरच कागद काढा.

खरे सांगू? या पद्धतीत कापड फार जाते. चांदणी एकच करा, बाकी साधी ठिगळे. पहिली चांदणी जुन्या परकराची करून हात बसवा. रंगीत कापड नवेच घ्यायचे असेल तर वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, जे गांधीजींच्या हस्ते १९३८ मध्ये उघडले, नैसर्गिक रंगांची खादी मिळते. रंग जातो का ते धुऊन बघा. बाळ कड चोखणारच.

पंच्याची किनार तिरकी कापू नका. ती गोधडीच्या उशाकडच्या काठाला लागू द्या.