मालक कोण ते विचारू नका, काम काय ते बघा!
थेट नेमलेल्या सुरक्षा रक्षकांनाही कायद्याखाली आणा



एकाच गल्लीतल्या दोन इमारती. दोन्हींच्या गेटवर गणवेश, शिट्टी, दंडुका आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही. पहिल्या गेटवरचा रक्षक एजन्सीचा आहे. त्याला तिथे उभं करण्यासाठी एजन्सीला 2005 च्या खाजगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. त्याची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण झालेलं असावं लागतं, वय 18 ते 65 मध्ये बसावं लागतं. दुसऱ्या गेटवरचा माणूस सोसायटीने स्वतः ठेवलेला आहे. सेक्रेटरी म्हणाले, "उद्यापासून ये", की झाला तो सुरक्षा रक्षक!

हे बेकायदा नाही, आमची तक्रार तीच आहे. 2005 चा कायदा सुरक्षेचा धंदा करणाऱ्याला धरतो. स्वतःच्या गेटवर स्वतःचा माणूस ठेवणारी कंपनी, शाळा, रुग्णालय, मॉल किंवा सोसायटी धंदा करत नाही, म्हणून तो माणूस कायद्याच्या नजरेआड.

महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा याहून जुना, 1981 चा. माथाडी कायद्याच्या वळणावर तो झाला आणि त्यातून सुरक्षा रक्षक मंडळं उभी राहिली. मंडळाच्या रक्षकाला पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा मिळते ती त्यामुळे. पण याही कायद्याने मुख्य मालकाचा, म्हणजे ज्याच्या गेटवर रक्षक उभा राहतो त्याचा, थेट नोकर 'सुरक्षा रक्षका'च्या व्याख्येतूनच वगळला. काही एजन्स्यांनी लगेच हात पुढे केला: आमचे रक्षक आमचे कायम नोकर आहेत, आम्हालाही वगळा! 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. एजन्सीची पळवाट बुजली. मालकाची पळवाट कायद्याच्याच अक्षरात असल्यामुळे ती शाबूत राहिली.

त्या काळी ही सूट कदाचित चुकीची नव्हती. गिरणीचा किंवा मोठ्या कारखान्याचा थेट नोकर म्हणजे मस्टरवरचा कायम कामगार. त्याच्या मागे युनियन होती, एजन्सीच्या पोरापेक्षा त्याची स्थिती बरी होती. आज 'थेट' नेमलेला रक्षक म्हणजे बऱ्याचदा व्हाउचरवर सही करून रोख पगार घेणारा, बारा तास उभा राहणारा आणि मधल्या वेळात पाण्याचा पंप चालवून चेअरमनची गाडी धुणारा माणूस. सोसायटीत नोकर दोन-तीनच, त्यामुळे वीस कामगारांची अट असलेला पीएफही त्याला लागत नाही. किमान वेतन मागायचं, तर कुणाकडे? ज्याची गाडी धुतो त्याच्याकडे?

आता दुसरी बाजू, आणि ही तुमच्या-आमच्या अंगाशी येणारी आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत एजन्सीच्या रक्षकासाठी वर्गात 100 तास आणि मैदानावर 60 तास, किमान 20 कामाच्या दिवसांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. आग विझवणं, गर्दी आवरणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवणं, स्वसंरक्षणाचा हक्क कुठवर जातो, हे सगळं त्यात येतं. एजन्स्या हे तास खरोखर भरतात का, हा वेगळ्या पत्रकाचा विषय! पण नियम आहे, म्हणून निदान जाब विचारता येतो. थेट नेमलेल्या रक्षकाबाबत जाब विचारायला नियमच नाही. आग लागली की अग्निशामक सिलिंडरची पिन कुठली, हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. संशय आला की डिलिव्हरीच्या पोराला केबिनमध्ये बसवून ठेवायचं, घरकाम करणाऱ्या बाईची पिशवी उलटी करायची, हे मात्र त्याला फोनवरून सांगितलं जातं. अटक करण्याचा रक्षकाचा अधिकार कुठल्याही सामान्य नागरिकाइतकाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे त्याच्यासमक्ष दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडायला हवा, किंवा समोरचा घोषित गुन्हेगार असायला हवा. आणि धरलेला माणूस सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायला हवा. हे शिकवायला एक दुपार पुरते. ते शिकवलेलं नसलं की मार खाणारा गरीब असतो, आणि गुन्हा दाखल होतो तो दुसऱ्या गरिबावर.

"कायदा आला तर आमच्या म्हाताऱ्या वॉचमनची नोकरी जाईल," असं कमिटीवाले कळवळून सांगतात. त्याला एक रविवार सुट्टी देताना हा कळवळा कुठे असतो? तरीही मुद्दा खरा आहे, म्हणून आमची मागणी तोलून केलेली आहे. आज कामावर असलेल्या प्रत्येक थेट रक्षकाची, वयाची किंवा शिक्षणाची अट न लावता, जिल्ह्याच्या मंडळाकडे नोंदणी व्हावी. पडताळणी आणि प्रशिक्षणाचा खर्च मालकाने करावा. रक्षकाच्या पगारातून एक रुपयाही कापू नये. प्रशिक्षणाचे दिवस भरपगारी असावेत. लहान सोसायट्यांना खर्च झेपत नसेल, तर मंडळाने वॉर्डावॉर्डात वर्ग भरवावेत. आणि 1981 च्या कायद्याच्या व्याख्येतले थेट नोकराला वगळणारे शब्द विधिमंडळाने काढून टाकावेत. नोंदणी म्हणजे पोलीस ठाण्यात रक्षकाने वारंवार घालायचे हेलपाटे, असं होणार असेल, तर त्याला आमचा आधीच विरोध आहे.

तुमच्या भागातल्या आमदारांना हे लेखी विचारा. त्याआधी सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहा आणि एवढंच विचारा: आपल्या रक्षकाचं नेमणूकपत्र कुठे आहे, त्याची ड्युटी किती तासांची, आणि आगीचा सराव त्याला शेवटचा कुणी दिला? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या.