एल. आर.ने काय करायचे असते?

महाविद्यालयांकडून आपल्या संघटनांना येणाऱ्या आमंत्रणांचे दोन हंगाम असतात. एक ८ मार्चच्या आगेमागे, दुसरा डिसेंबर-जानेवारीत, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांच्या दिवसांत. विषय ठरलेले. ‘युवतींमधील नेतृत्वगुण’, नाहीतर ‘व्यक्तिमत्त्व विकास’. तासभर बोलायचे, दोन खेळ घ्यायचे, रोपटे घेऊन परत यायचे. कार्यक्रमात मुली सगळीकडे दिसतात. सूत्रसंचालन त्यांचे, स्वागतगीत त्यांचे, रांगोळी तर त्यांचीच. पण कार्यक्रमाला पैसे कुठून आले, पाहुण्या कोणाला बोलवायचे हे कोणत्या बैठकीत ठरले, असे विचारले की त्या एकमेकींकडे बघतात. बैठक झालेलीच नसते. सरांनी ठरवलेले असते.

मला वाटते, आपण इथेच थांबून विचार करायला हवा. नेतृत्व हा कुणाच्या अंगी असलेला किंवा नसलेला गुण नव्हे. ते सरावाने येते, आणि सरावाला जागा लागते. जिथे काही ठरते, मत मागावे लागते, कधी हरावे लागते, हिशेब द्यावा लागतो, अशी जागा. ती नसताना आपण आत्मविश्वासाचे खेळ घेत राहिलो, तर धीट बोलणाऱ्या मुली तयार होतील. निर्णय मात्र दुसरेच घेत राहतील.

ही जागा कशी गेली तो इतिहास आजच्या विद्यार्थिनींना ठाऊक नसतो. महाविद्यालयीन निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली, १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका बंद करून गुणांनुसार वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. पालकांना हायसे वाटले. मुलींच्या बाबतीत मात्र याचा परिणाम मोठा विचित्र झाला. पुष्कळ वर्गांत पहिली येणारी मुलगीच, त्यामुळे विद्यार्थी मंडळात मुली चांगल्या संख्येने दिसू लागल्या. पण या प्रतिनिधीला कोणाकडे मत मागावे लागले नव्हते, म्हणून तिला जाब विचारायलाही कोणी येत नव्हते. आणि तिच्या पाठीशी कोणी उभे नाही हे कळत असल्याने प्राचार्यांनाही तिचे ऐकण्याचे कारण नव्हते. परीक्षेतल्या गुणांनी मिळालेले पद म्हणजे बक्षीसच ते. ते कपाटात ठेवायचे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका पुन्हा कागदावर आल्या. महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेत महिला प्रतिनिधीची जागा आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त व इतर मागासवर्गीय यांच्यासाठी आळीपाळीने एक जागा ठेवली गेली. २०१९ साली निवडणुका जाहीर झाल्या, विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या, मग करोना आला. या सगळ्या काळात आपल्यापैकी किती संघटनांनी या विषयावर एखादे निवेदन दिले? विद्यार्थी संघटना ओरडत राहिल्या, आणि तो त्यांचा प्रश्न असे आपण मानले.

महिला प्रतिनिधीचे पद, म्हणजे एल. आर., आपल्याकडे जुनेच. तिने काय करायचे असते, असे मी मुलींना नेहमी विचारते. उत्तरे ठरलेली : मुलींच्या स्वच्छतागृहाची तक्रार करायची, गॅदरिंगला साड्यांचा रंग ठरवायचा, सहलीला येणाऱ्या मुलींची यादी करायची. स्वच्छतागृहाचा प्रश्न क्षुल्लक नाही. पाणी नाही म्हणून दिवसभर न पिता बसणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पण फी, ग्रंथालय, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज हे सारे जी. एस.कडे, आणि जी. एस. बहुधा मुलगा. जणू मुलींना फी लागतच नाही.

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, निवडणुका आल्या की जीपा येतील, पक्ष येतील, मुलींना बाहुली करून उभे करतील. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय निवडणुकाच नकोत हा नव्हे. लिंगडोह समितीने २००६ साली उमेदवाराच्या खर्चाला पाच हजार रुपयांची मर्यादा घातली, छापील पोस्टरला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. नियम आहेत, ते पाळायला लावायचे काम आहे. शिवाय हाच आक्षेप ७३ व्या घटनादुरुस्तीच्या वेळीही होताच. सरपंच बाई, कारभार नवऱ्याचा, असे म्हणून हसणारे तेव्हा कमी नव्हते. तसे झालेही, अजूनही होते. पण खुर्चीवर बसूनच अनेकजणी ग्रामपंचायतीचा कारभार शिकल्या, आणि २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांचे आरक्षण निम्म्यावर नेले. ग्रामपंचायतीला उभे राहायला २१ वर्षे पूर्ण लागतात. म्हणजे आज तृतीय वर्षात बसलेली मुलगी वर्षभरात उमेदवार होऊ शकते. तिला तोवर एकदाही मत मागायची वेळ आलेली नसावी, हे मला फार वाईट वाटते.

निवडणुकांची वाट न पाहता धरता येईल अशी एक जागा मात्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारीत विद्यार्थ्यांचा संबंध असेल तेव्हा अंतर्गत समितीवर पदवी, पदव्युत्तर आणि संशोधन या स्तरांवरचे तीन विद्यार्थी सदस्य असायला हवेत, आणि ते पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडलेले हवेत. ‘निवडलेले’ हा शब्द महत्त्वाचा. मी बाहेरची सदस्य म्हणून अशा समित्यांवर जाते. फलकावर विद्यार्थी सदस्यांची नावे असतात. कशी निवडली विचारले तर, ‘मॅडमनी सांगितले, सही कर’. त्या मुलीला नियमावली दाखवलेली नसते. तिच्याकडे तक्रार घेऊन कोण जाणार? आपल्यापैकी ज्या ज्या अशा समित्यांवर आहेत त्यांनी पहिल्याच बैठकीत निवड कशी झाली हे विचारून इतिवृत्तात लिहून घ्यावे.

आता वेळेबद्दल. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात बैठका, तालमी, नियोजन हे सगळे तास संपल्यावर होते. मुलींना गावाकडची एसटी गाठायची असते, ती चुकली तर दुसऱ्या दिवशी घरून पाठवतील की नाही याची खात्री नसते. वसतिगृहातल्या मुलींना दाराची वेळ. मग ‘मुली पुढेच येत नाहीत’ असे म्हणणे सोपे. बैठक दुपारच्या सुट्टीत घ्या, एवढीच मागणी एका महाविद्यालयातल्या मुलींनी लेखी केली, तेव्हा तीन महिने लागले, पण ती मान्य झाली. वसतिगृहाच्या वेळांवर २०१५ साली दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ सुरू केले, त्याची चर्चा देशभर झाली. आपल्याकडे २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी खाणावळ बंद करून खात्यात पैसे देण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्याला कोणी नेतृत्व विकास म्हटले नाही. आपल्या शिबिरांत पुढे केली जाते ती बहुधा शहरातली, सफाईने बोलणारी मुलगी. जिने खाणावळीसाठी पाय सुजवले ती शेवटच्या रांगेत बसते.

म्हणून मी हल्ली व्याख्यान देत नाही. दोन तास मिळाले तर मुलींकडून एक अर्ज लिहून घेते, खऱ्या मागणीचा. तो कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच कशी घ्यायची, विषयपत्रिका कशी करायची, इतिवृत्त कोणी लिहायचे, जमाखर्च कसा वाचायचा. दहा रुपयांत माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा आणि तीस दिवस कसे मोजायचे. कंटाळवाणे वाटते, खेळ नाहीत, हशा नाही. पण पोचेचा शिक्का मिळवून आलेल्या मुलीचा चेहरा बघावा.

सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर यासाठी फार चांगले आहे. तिथे मुली भाजी चिरतात, मुले बंधारा बांधतात आणि त्याचे फोटो येतात. याऐवजी त्या गावच्या महिला ग्रामसभेच्या मागच्या वर्षीच्या नोंदी मुलींनी वाचाव्यात, सभा खरोखर भरली होती की घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या हे बायकांना विचारावे, आणि जे आढळेल ते समारोपाच्या दिवशी सरपंचांसमोर वाचून दाखवावे. येत्या हिवाळ्यात ज्या संघटनांना शिबिरांची आमंत्रणे येतील त्यांनी कार्यक्रम अधिकाऱ्यांशी हे आधीच बोलून घ्यावे. स्वयंपाकाच्या पाळीत मुलांची नावे घालायला सांगायचे तेही त्याच बोलण्यात.